मॅडमनी विचारलं, "दोन वर्षं काय करत होतीस?"

मंडळी, आज माझी एमबीबीएसची ॲडमिशन पक्की झाली! केनवडच्या भाजीवालीची पोरगी डॉक्टर होणार!

नीट तिसऱ्यांदा दिली तेव्हा कुठे सीट मिळाली. कॉलेजात कागद तपासताना तिथल्या मॅडमनी विचारलं, "बारावीनंतर दोन वर्षांचा गॅप आहे. काय करत होतीस?"

घाबरून म्हणाले, "काही नाही, घरीच होते."

शेजारी उभी असलेली आई भडकली. "काही नाही काहून म्हन्तं वं? मॅडम, पहाटी माह्यासंग मेथीच्या जुड्या बांधे, मंग दिवसभर अभ्यास करे. गॅप कुठी हाय?"

मॅडमनी हसत मी आणलेलं गॅपचं प्रतिज्ञापत्र फाईलला लावलं आणि शिक्का मारला.

तुम्हीही तुमच्या मेहनतीच्या वर्षांना "काही नाही" म्हणता का? म्हणू नका. माझी आई ऐकतेय.