पबातला 'बसुया'

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात आमच्या घराजवळ एक पब आहे. तो आजवर दोनदा गेला आणि दोनदा परत आला. पहिल्यांदा रस्ता रुंद करताना पाडला. तो आमच्या आधीचा इतिहास. पहिला ग्लास पुढे ठेवतानाच मालकीणबाई तो ऐकवायच्या. दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात आग लागली, ती मात्र आमच्या वर्मी लागली.

दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी आणि माझा नागपूरचा मित्र तिथे जायचो. मी पुण्याचा, त्यामुळे आम्हाला विषय लागत नाही, वाद पुरतो. आत शिरताच कोपऱ्यातल्या बाकाकडे बोट करून तो ओरडायचा, "चल बे, बसू या!" आता मराठी माणूस संध्याकाळी 'बसू या' म्हणतो तेव्हा तो काही सतरंजीबद्दल बोलत नसतो. पण मालकीणबाईंना हे कोण सांगणार?

पब जळल्यावर आम्ही एकमेकांच्या बेसमेंटमध्ये बसून पाहिलं. जमेना. जिन्यावरून घरच्यांची "आणखी पापड हवेत का?" अशी चौकशी यायची, आणि त्या आवाजातला अर्थ वेगळाच असायचा. हळूहळू शुक्रवार कॅन्सल होऊ लागले. मी धास्तावलो. घरच्यांखेरीज मनातलं बोलायला या गावात मला हा एकच माणूस, आणि आमच्या मैत्रीला तो कोपरा लागतो हे तेव्हा कुठे कळलं.

पब पुन्हा उघडला त्या दिवशी भीतभीतच गेलो. सगळं चकाचक. उंच टेबलं, त्याहून उंच स्टुलं.

"हे काय बे, कावळ्यासारखं चढून बसायचं का?" मित्र कुरकुरला.

तेवढ्यात मालकीणबाई हात पसरून आल्या. "युवर बसुया इज रेडी!"

कोपऱ्यात तसाच बुटका बाक, नवा बनवलेला. वर पितळी पाटी, इंग्रजी अक्षरांत: बसुया. इतकी वर्षं आम्ही बोट दाखवून जे ओरडत होतो ते त्या कोपऱ्याचं नाव असणार, अशी बाईंची ठाम समजूत. शेजारच्या टेबलावरचे एक गोरे आजोबा तर तो शब्द कसा म्हणायचा हे आम्हालाच शिकवू लागले.

चुकीचं मराठी ऐकून गप्प राहणं माझ्या रक्तात नाही. मी तोंड उघडणार, तोच मित्रानं बुटानं माझा पाय दाबला.

"स्पेलिंग बरोबर आहे ना?" बाईंनी काळजीनं विचारलं. "तुम्ही परत आला नसता, तर हा बसुया कोणाचा म्हणून मी लोकांना काय सांगणार होते?"

"परफेक्ट," मी म्हणालो.

आम्ही दोघंही इथे व्हिसावर. दर काही वर्षांनी आमचं इथलं राहणं नव्यानं ठरतं. मित्रानं पाटीच्या स्क्रूवर नख घासून पाहिलं. "कसली पक्की आहे बे," म्हणाला, आणि डोळे पुसायला रेस्टरूमकडे गेला.