शाळा परीक्षेला बसत नाही

अनसूयाबाई वैरागडे यांना चुकलेली गणितं फार आवडायची. मधल्या सुट्टीत त्या हातात एखादं उत्तरपत्रक घेऊन माझ्या टेबलापाशी यायच्या आणि ते माझ्यासमोर पसरून म्हणायच्या, "हे पाहा बाबू, इतकी देखणी चूक पाह्यली का कधी?" मी शाळेचा कारकून. बीजगणिताशी माझा संबंध मॅट्रिकनंतर सुटलेला. पण बाई बोट ठेवून दाखवायच्या. चार ओळी पोरानं बिनचूक सोडवलेल्या असत, पाचव्या ओळीत वजाबाकीचं चिन्ह निसटलेलं असे, आणि तिथून पुढं तो अगदी प्रामाणिकपणे चुकीच्या उत्तराला जाऊन पोचलेला असे.

अशा उत्तरावर बाई लाल फुली मारत नसत. जिथं चिन्ह निसटलं तिथं पेन्सिलीनं गोल करायच्या आणि बाजूला लिहायच्या, "इथवर बरोबर आलास. इथून परत नीघ." एकदा मी म्हटलं, "बाई, एवढा वेळ कुठला काढता? फुली मारून मोकळ्या व्हा की." त्यावर त्या म्हणाल्या, "फुली मारली का पोरगं संपलं, बाबू. गोल केला का त्याले ठावकं राह्यते, कुठून निंघाचं ते."

आमचं गाव केळझरहून दोन-अडीच कोसांवर. पंचक्रोशीत हायस्कूल तेवढं एकच, त्यामुळं आसपासच्या खेड्यांतली पोरं पायी यायची. पन्नासच्या दशकातली शेवटची वर्षं ती. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि कचेरीत जुन्या प्रांताचे छापील कागद अजून संपायचे होते. बाई आर्वीकडच्या. उंच, काळ्यासावळ्या, अंगावर काठाची खादीची साडी, पायात मोटारीच्या टायरच्या चपला. यजमान नागपूरला पोस्टात होते, रविवारी येऊन जात. वर्गात शुद्ध बोलावं असा हेडमास्तरांचा आग्रह असे, पण बाई गणित वऱ्हाडीतच शिकवत. "पोराच्या डोक्यात ज्या भाषेत उजेड पडते, त्याच भाषेत शिकवीन मी," असं त्यांनी हेडमास्तरांना तोंडावर सांगितलं होतं.

शाळा समितीवर शिक्षकांचा एक प्रतिनिधी घेत असत. अध्यक्ष दादासाहेबांपुढं बसायला कुणी पुरुष मास्तर तयार नव्हता, म्हणून बाईंचं नाव गेलं. दादासाहेब कापसाच्या जिनचे मालक. शाळेची जागा त्यांची, घंटाही त्यांनीच दिलेली. माणूस वाईट नव्हता. शाळेवर जीव होता त्यांचा. पण तो जीव त्यांच्या नावावर असलेल्या इमारतीवर अधिक होता.

त्या वर्षी जूनच्या सभेत समितीनं ध्येय ठरवलं. मॅट्रिकच्या निकालात आपली शाळा जिल्ह्यात पहिली आली पाहिजे. दुसऱ्याच दिवशी फाटकावर पाटी रंगवून लागली. बाई त्या पाटीखाली बराच वेळ उभ्या राहिल्या. मग ऑफिसात येऊन मला म्हणाल्या, "शाळा काऊन पहिली येईन बाबू? शाळा परीक्षेले बसते का? बसतात ते पोरं."

मी हसलो. मला तो विनोद वाटला होता.

पाटीचा अर्थ पूर्वपरीक्षेनंतर कळला. समितीची तातडीची सभा भरली. इतिवृत्त लिहायला मी होतो. हेडमास्तरांनी सतरा मुलांची यादी ठेवली. ही मुलं कच्ची आहेत, त्यांचे फॉर्म शाळेतर्फे बोर्डाकडे पाठवू नयेत, म्हणजे निकाल खाली येणार नाही, असा प्रस्ताव. वकील आणि डॉक्टर, दोघे सभासद माना डोलवत होते. बाई म्हणाल्या, "यादीतले नावं वाचा."

"नावं कशाला? आकडा पुरेसा आहे," दादासाहेब म्हणाले.

"आकडा कापूस वेचाले जात नाई दादासाहेब, पोरगं जाते. वाचा नावं."

कुणी वाचेना तेव्हा त्यांनी यादी ओढून घेतली आणि स्वतः वाचली. प्रत्येक नावामागं गाव, आणि ते पोरगं शाळेत किती अंतर चालून येतं ते. कौसल्या हे सतरांतलं मुलीचं एकमेव नाव. तिच्या आईबापांनी दोन वर्षांपूर्वीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीतून मॅट्रिकच्या वर्गापर्यंत आलेली ती पहिली मुलगी होती. वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "या पोरायले थांबवून आपन पहिले येऊन राह्यलो. याले ध्येय म्हंते का कोनी? माझा विरोध आहे. लिहा बाबू."

सभा उठताना दादासाहेब माझ्या कानाशी म्हणाले, "एकमतानं मंजूर, असं लिही." आणि मी तसं लिहिलं. घरी म्हातारी आई, दोन बहिणी लग्नाच्या. मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी इतिवृत्त मागून वाचलं. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. त्या म्हणाल्या, "तुमची नोकरी तुमची आहे बाबू, तिले जपा. पन माझं मत माझं होतं. ते तुमाले कोनं देल्लं?" एवढंच. त्या वाक्यानं दोन दिवस माझं अन्नावरचं चित्त उडालं. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं. मी उभा राहिलो आणि वाचलं, "विरोध एक, सौ. वैरागडे." दादासाहेबांनी वर पाहिलं. मी म्हणालो, "साहेब, मागं लिहिण्यात माझी चूक झाली होती, ती दुरुस्त केलीय." बाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

तोवर त्यांनी दुसरी वाट शोधली होती. शाळेतर्फे नाही तर बाहेरून बसता येतं. पण त्या फॉर्मवर हेडमास्तरांची सही लागे, आणि हेडमास्तर टाळाटाळ करत होते. एका रविवारी सकाळी सतरा फॉर्म घेऊन बाई त्यांच्या ओसरीवर जाऊन बसल्या. हेडमास्तर म्हणाले, "बाई, माझी अडचण समजून घ्या." बाई म्हणाल्या, "समजली. मी बसते." हेडमास्तरांच्या पत्नीनं दोनदा चहा दिला. तिसऱ्यांदा कप घेऊन आली तेव्हा नवऱ्याला म्हणाली, "करून टाका ना सही. पोरायचं वर्ष जाते, तुमचं का जाते?" सह्या झाल्या. सोमवारी मी कपाटातून शिक्का काढला आणि सतरा फॉर्मांवर मारला. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नाही.

शाळेच्या खोल्या या मुलांना बंद झाल्या. तेव्हा कौसल्येची आई गिरजाबाई पुढं आली. वस्तीत सभेसाठी नवीनच घातलेली एक पडवी होती. "आमची पडवी सारवून देतो बाई," ती म्हणाली, "इथं बसा." सकाळी सहाला तिथं वर्ग सुरू झाला. आठ-दहा दिवसांत नामदेवराव पाटील बाईंकडं आले. त्यांचा मुलगा सतरांत होता.

"बाई, आमचं पोरगं त्या वस्तीत बसन कसं? दुसरीकडं जागा पाहा."

"तुमच्या वाड्यात पाहू का? सतराही जन येतीन. कौसल्याबी येईन."

नामदेवराव जायला वळले.

"मंग गनित इथंच भेटते पाटील. शिकाचं असन तं पाठवा, नाई तं घरी ठेवा. मी कोनाले वेगळं शिकवत नाई."

चार दिवस मुलगा आला नाही. पाचव्या दिवशी नामदेवराव स्वतः त्याला घेऊन आले आणि पडवीबाहेर बाजेवर बसून राहिले. वर्ग संपेपर्यंत उठले नाहीत. नंतर ते रोज येऊ लागले. गिरजाबाईनं एकदा पाणी पुढं केलं. बराच वेळ तांब्याकडं पाहून त्यांनी ते घेतलं. हे मला बाईंनी सांगितलं नाही. नामदेवरावांनीच पुढं सांगितलं, मान खाली घालून.

निकाल लागला आणि समितीचं ध्येय पुरं झालं. शाळा जिल्ह्यात पहिली आली. बँड लावून मिरवणूक निघाली, दादासाहेबांच्या गळ्यात हार पडले. बाई मिरवणुकीत नव्हत्या. त्या वर्तमानपत्र उघडून बाहेरून बसलेल्यांचे नंबर शोधत होत्या. सतरांपैकी नऊ पास झाले होते. नामदेवरावांचा मुलगा पास होता. कौसल्या नापास झाली होती, आणि नंतर कळलं की ती गणितातच गेली होती, खुद्द बाईंच्या विषयात.

मी त्यांच्याबरोबर वस्तीत गेलो. कौसल्या चुलीपुढं रडत बसली होती. बाई म्हणाल्या, "तुयी चूक नाई पोरी. मी घाई केली. ऑक्टोबरात पुन्हा बसजो." घरात एक मामा आलेला होता, मुलीसाठी स्थळ घेऊन. तो म्हणाला, "झालं ना आता शिक्षन? नापास पोरगी किती दिवस ठेवता?" गिरजाबाई जिनमधल्या कामावरून नुकतीच आलेली, केसांत कापसाचे तंतू तसेच. ती भावाला म्हणाली, "दादा, जेवून जाजो. पोरगी ऑक्टोबरात बसून राह्यली. तवाबी नाई झाली, तं मार्चात बसन." मामा जेवून गेला. त्यानंतर स्थळाची गोष्ट त्या घरात निघाली नाही.

जुलैत समितीनं बाईंना काढलं. शिस्तभंग, असं कारण. नोटीस मीच टंकलिखित केली. बाईंना नेऊनही मीच दिली. त्यांनी वाचली, घडी घातली आणि म्हणाल्या, "टाइप साफ आहे बाबू." कारंज्याच्या शाळेत त्यांना आठवड्याच्या आत जागा मिळाली. जायच्या दिवशी मोटार-स्टँडवर सतरा मुलांपैकी बहुतेक आणि त्यांचे आईबाप जमले. कुणीतरी हार आणला होता. बाई एकदम भडकल्या. "हार काऊन आनला? मी मेली का? येत्या सोमवारी समितीची सभा आहे. नवं ध्येय ठरवनार आहेत. तिथं जा ना! मले पोचवाले आले तितके सारे तिथं जा." मोटार सुटली तेव्हा त्या खिडकीतून हात हलवत नव्हत्या. कौसल्येला ओरडून सांगत होत्या की दर रविवारी कारंज्याला येत जा.

सोमवारी दुपारी मी सभेची सतरंजी घालत होतो. पहिल्यांदा गिरजाबाई आली, कामाची सुट्टी टाकून. मग नामदेवराव, मग एकेक करत चाळीसेक माणसं. व्हरांडा भरला. दादासाहेब आले आणि दारातच थबकले. "हे काय आहे?"

गिरजाबाई पदर सावरून उभी राहिली. "आमच्या पोरायचं का ठरवता, ते आयकाले आलो साहेब. दार लावू नका."

तिच्या शेजारी नामदेवराव पाटीलही उभे राहिले. दादासाहेबांनी त्या दोघांकडं पाहिलं, व्हरांड्याकडं पाहिलं, आणि आत जाऊन बसले. दार उघडं राहिलं. त्या दिवशी तीन तास वाद झाला. अखेर ठराव झाला की या शाळेत शिकलेल्या एकाही मुलाला निकालासाठी परीक्षेपासून अडवलं जाणार नाही, आणि कच्च्या मुलांचा वर्ग शाळेतच, शाळेच्या खोलीत भरेल. दादासाहेबांनी सही केली. रागानं केली, पण केली.

संध्याकाळीच मी ठरावाची नक्कल बाईंना कारंज्याला पाठवली. सोबत चार ओळी लिहिल्या, की तुमच्यामुळं हे झालं, तुमचे उपकार विसरणार नाही, वगैरे. चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आलं. उपकाराबद्दल त्यात अक्षर नव्हतं. लिहिलं होतं, "ठराव पोचला. ठीक आहे. पण पोरं मॅट्रिकपर्यंत येईस्तोवर वाट पाहू नका. यंदा आठवीतून कोण कोण शाळा सोडून गेलं, त्यांची नावं काढा आणि घरोघरी जा. गेल्यावर मला कळवा."