फोटोतला हात

खुर्चीतून उठायच्या आधी मावशी कीबोर्डवरची दोन बटणं दाबायची. स्क्रीन काळी झाली की मगच उठायची, मग ते घोटभर पाणी प्यायला का असेना. बायकांच्या त्या दवाखान्यात ती नोंदणीच्या टेबलावर बसायची. कुणाचं नाव तिने कधी मोठ्याने पुकारलं नाही. उठून त्या बाईजवळ जायची आणि हळूच सांगायची, "चला, तुमचा नंबर आला."

दवाखान्यात सगळे तिला कुलूपबाई म्हणत.

"कुलूपबाई, चहाला चाललात? तिजोरी लावलीत ना?" डॉक्टरीणबाई विचारायच्या.

"लावली. किल्ली डोक्यात आहे." पासवर्ड तिने कधी चिठ्ठीवर लिहून ठेवला नाही.

बहीण मात्र चिडायची. "अगं, अर्ध्या गावाची खबर तुझ्याकडे, आणि सख्ख्या बहिणीला एक अक्षर सांगत नाहीस!"

"तुझीही खबर अशीच राखते हो," मावशी हसून म्हणायची.

म्हणून तर तिची भाची, याच बहिणीची मुलगी, मूल होण्यासाठीच्या उपचारांना तिथे यायला लागली. सासरी कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मावशीने भाचीच्या आईलासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

मावशी निवृत्त झाली त्या दिवशी भाची फुलं घेऊन दवाखान्यात गेली. मावशी अजून उद्याच्या नोंदी बघत होती.

"थांब गं, एवढं बंद करते."

"पुरे झालं तुझं कुलूप! आज तरी मोकळी हो." भाचीने तिला दंडाला धरून उठवलं, फोटो काढला आणि उभ्या उभ्या स्टेटसला लावून टाकला.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. "वहिनी, फोटो झकास आलाय हं. पण मागे स्क्रीनवर तुझंच नाव ना? मी मोठं करून बघितलं."

त्यानंतर सासूबाईंचे प्रश्न, आतेसासूंचे सल्ले, जेवताना अचानक गप्प होणारी माणसं. भाचीने उपचार अर्ध्यावर सोडले. सगळा राग निघाला तो मावशीवर.

"जन्मभर परक्यांची गुपितं झाकलीस, आणि माझीच उघडी टाकलीस?" ती फोनवर म्हणाली.

मावशी म्हणाली, "चुकलं गं माझं." फोटो कुणी काढला होता, हे तिने विचारलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. भाचीने जाणं-येणं बंद केलं.

मावशी अंथरुणाला खिळली तेव्हा आईने फारच आग्रह धरला म्हणून भाची गेली. खाटेशेजारी लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करत बसली. जुन्या फाइली चाळताना तो फोटो समोर आला. नणंदेने केला होता तसा तिनेही मोठा केला. मावशी कॅमेऱ्याकडे बघून हसत होती, पण एक हात तिने मागे टाकला होता, कीबोर्डच्या दिशेने. बोटं बटणांपर्यंत पोचली नव्हती.

भाचीला आत्ताच्या आत्ता काहीतरी बोलायचं होतं. आधी घोटभर पाणी पिऊन येऊ, मग सांगू, असं ठरवून ती उठली. परत आली तोवर मावशीचा डोळा लागला होता. झोपमोड कशाला, म्हणून तिने हाक मारली नाही. त्या झोपेतून मावशी जागी झालीच नाही.

भाची पाण्यासाठी उठली तेव्हा मावशी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली होती, "उठतेस तर ते बंद करून जा गं."