समुद्राच्या बाटल्या नागपुरात

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर, तोही कामासाठी. उमरेडला वाढलेली मुलगी नागपुरात बसून समुद्राचं पाणी तपासते, याचं नातेवाइकांना अजून हसू येतं. पण पाणी तपासायला किनाऱ्यावर राहावं लागत नाही. चांगलं यंत्र आणि सरावलेले हात लागतात. आमच्या प्रयोगशाळेत दोन्ही होतं. म्हणून काही देशांच्या सरकारांनी समुद्राच्या वाढत्या आम्लतेवर मिळून काम करायचा करार केला, तेव्हा शिकवण्याचं काम आमच्या वाट्याला आलं. एका देशाने यंत्रं द्यायची, दुसऱ्याने ती चालवायचा खर्च करायचा, आणि बेटांवरून येणाऱ्या तंत्रज्ञांना आम्ही तयार करायचं.

पहिल्याच तुकडीत पॅसिफिकमधल्या एका लहानशा बेटावरची बाई होती, माझ्याच वयाची. तिची आई मोत्यांचे शिंपले वाढवायची. लागोपाठच्या हंगामांत शिंपल्यांची पिल्लं कवच धरायच्या आतच मरू लागली, तेव्हा ही शाळेतली नोकरी सोडून पाण्याच्या मोजणीत शिरली. नागपूरच्या उन्हाने ती पार कोमेजली होती. कूलरसमोरून हलायची नाही. एका रविवारी मी तिला बसने उमरेडला आमच्या घरी नेलं.

आईने पाटवडी-रस्सा केला होता. पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने दुसऱ्यांदा मागून घेतला. बाबा कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. ड्रिलच्या आवाजाने कान अधू झाले, त्यामुळे ते सगळंच मोठ्याने बोलत.

"तिले विचार ना वं, समुद्र आंबट होते म्हणजे का होते?"

मीच सांगितलं. कोळसा, पेट्रोल जळलं की जो वायू हवेत जातो, त्यातला बराचसा समुद्र शोषून घेतो. पाणी जिभेला काही आंबट लागत नाही, पण त्याचा गुण तिकडे झुकतो, आणि शिंपल्याला कवच बांधणं जड जातं.

बाबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे आमच्या कोळशानं हिच्या मायचे शिंपले मेले?"

हे इंग्रजीत सांगावं की नाही, मी घुटमळले. ती माझ्याकडेच बघत होती. शेवटी सांगितलं.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "मी इथे विमानाने आले. माझा भाऊ बोटीत डिझेल टाकतो. आणि त्यांनी कोळसा काढला म्हणून तू शिकलीस, मला शिकवतेस. एकेका माणसाच्या माथी मारण्यासारखं हे नाहीच. म्हणून तर सगळी सरकारं एकत्र बसायला हवीत."

"बसतात का पण?" बाबांनी विचारलं.

"बसतात. फक्त उठायची घाई फार असते त्यांना."

बाबा मोठ्याने हसले. संध्याकाळी ते आम्हाला बसस्टँडवर सोडायला आले. बस लागली तेव्हा मला म्हणाले, "सारी जिंदगी कोळसा काढला, त्याची लाज नाही वाटत मले. पण इतक्या दूर कोणाले तरास होऊन राहिला, हे आमाले कोणी सांगितलंच नाही."

ती परत गेली, बेटावर मोजणीचं केंद्र सुरू झालं. वर्षभर आकडे येत राहिले. मग खर्च उचलणाऱ्या देशात सरकार बदललं आणि पैसा थांबला. तिचं यंत्र बिघडलं, सुटा भाग मागवायला तिच्याकडे काही नव्हतं. शेवटी तिने पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून माझ्याकडे पाठवले.

असे नमुने वाटेत बदलू नयेत, आतले बारीक जीव मरावेत, म्हणून त्यात पाऱ्याचं थोडं विष घालतात. बाटल्यांवर कवटीचं चिन्ह होतं. विमानतळावरच्या कस्टम्सने खोकं अडवलं, आणि त्यांची चूकही नव्हती. कोणत्या देशाने पाठवलं, कशासाठी, जबाबदारी कोणाची, हे त्या देशाच्या सरकारनेच सांगायला हवं होतं. पण तिचं बेट म्हणजे एक चिमुकला देश, त्याचा दिल्लीत दूतावासच नव्हता.

मी दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयात फोन करत राहिले. तिथल्या एका अधिकाऱ्याला पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही. "मॅडम, पाणीच आहे ना? मग विष कशाला?" मी समजावलं. मग मात्र त्या गृहस्थाने ते काम आपलं मानलं. शेजारच्या मोठ्या देशाचा दूतावास त्या बेटाच्या वतीने पत्र देऊ शकेल का, हे त्यानेच विचारून काढलं. पत्र आलं. खोकं सुटलं तेव्हा त्याने फोन केला. आवाजात इतका आनंद होता, जणू बाटल्या त्याच्याच घरच्या होत्या.

काही बाटल्या तडकल्या होत्या. उरलेल्या आम्ही तपासल्या. निकाल वाईट होता. बेटाच्या पूर्वेकडच्या खाडीत पाणी सर्वांत जास्त बिघडलं होतं. पश्चिमेला मात्र समुद्री गवत दाट होतं. गवत पाण्यातला तो वायू ओढून घेतं, म्हणून तिथलं पाणी बरं निघालं.

हे आकडे घेऊन ती सरकारांच्या बैठकीत बोलायला उभी राहिली. मी बाबांना शेजारी बसवून संगणकावर बघत होते. तिचं भाषण संपलं, टाळ्या पडल्या, आणि मग दुपारभर वाद चालला तो एका शब्दावर. देश धूर 'कमी करतील' म्हणायचं, की 'कमी करण्याचा प्रयत्न करतील'. प्रयत्न जिंकला. मला रडू आलं. बाबांना आवाज नीट ऐकू आला नव्हता, मी ओरडून सांगितलं.

"मोजणीचं का झालं?" ते म्हणाले.

ते माझं ऐकायचंच राहिलं होतं. मोजणीची केंद्रं तीन देशांनी मिळून चालवायची, हे त्याच बैठकीत कोणताही गाजावाजा न होता मंजूर झालं होतं. त्यात तिचंही होतं.

पुढच्या हंगामात तिच्या आईने शिंपले टांगलेले दोर पश्चिमेला, गवताजवळ हलवले. तिचा फोन आला तेव्हा मागे लाटांचा आणि बायकांच्या हसण्याचा आवाज होता. सगळी पिल्लं वाचली नव्हती, पण बरीच वाचली होती. "आई दिवसभर पाण्यातच असते," ती म्हणाली. "जेवायलासुद्धा ओढून आणावं लागतं."