किल्लीवाल्याच्या दाराची किल्ली

त्या गल्लीत किल्ली हरवली म्हणून कुणी घाबरत नसे. कोपऱ्यावर किल्लीवाला होता. त्याच्या दुकानात भिंतभर खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर कुणाच्या तरी घराची जादा किल्ली. त्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिंपीणबाईंची, पोस्टमनची, महिन्यातून दोनदा स्वतःलाच बाहेर कोंडून घेणाऱ्या मास्तरांची. साऱ्या गल्लीचा विश्वास या माणसावर. चहाला मात्र कुणी बोलवत नसे. त्याच्या स्वतःच्या घराची किल्ली एकच, त्याच्या खिशात. दुसरी करून ठेवायची कुणाकडे? हा प्रश्न मनात आला की तो कानस उचलून कामाला लागे.

बायको गेल्यावर त्याने दाराला त्याच किल्लीचं आणखी एक कुलूप बसवलं, आणि आतून, पार वरच्या बाजूला, भक्कम कडी. चोराने न्यावं असं घरात होतं काय, एक डुगडुगणारी खुर्ची! पण रिकामे हात गप्प बसत नाहीत.

मागच्या वर्षी गांधीलमाशी चावली आणि तो दुकानातच कोसळला. शुद्धीवर आल्यावर दवाखान्यातल्या नर्सने त्याला, पुन्हा डंख बसला तर लगेच टोचून घ्यायचं, इंजेक्शनचं पेन दिलं.

"निळं टोपण काढायचं, नारिंगी टोक मांडीवर बाहेरच्या बाजूला दाबून तीन मोजेपर्यंत धरायचं. पँटवरून चालतं. अंगठा टोकावर ठेवायचा नाही. आणि बरं वाटलं तरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायचीच. घरी कोण असतं? त्यांनाही शिकवते."

"आहेत ना माणसं," तो म्हणाला. चक्क थाप!

नर्सने बिनसुईचं सरावाचं पेनही दिलं, घरच्यांना दाखवायला. ते खणात पडून राहिलं.

परवाच्या रविवारी दुपारी पडदा सारताना त्याच्या मानेवर डंख बसला. बघता बघता अंगावर गांध्या उठल्या, घसा आवळत आला. त्याने पेन मुठीत धरलं आणि अंगठा आपोआप टोकावर गेला. स्क्रूड्रायव्हर दाबायची चाळीस वर्षांची सवय! वेळेवर आठवलं. अंगठा हटवला, टोपण काढलं, मांडीवर दाबलं, मोजलं.

मग अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावून कसाबसा पत्ता सांगितला. फोनवरची बाई म्हणाली, "दार उघडं ठेवा आणि आडवे व्हा. उभं राहू नका."

दार! तो सरपटत गेला. दोन्ही कुलपं उघडली. कडी मात्र उभं राहिल्याशिवाय हाताला लागणारी नव्हती. वरून शिंपीणबाईंच्या मशीनचा आवाज येत होता. पण वर ऐकू जाईल एवढा आवाज गळ्यात नव्हता. जन्मभर दारं पक्की करणाऱ्या माणसाला वाटलं, कुणीतरी हे दार फोडावं. शेवटी उताणं पडून झाडूच्या दांड्याने ढोसत ढोसत त्याने कडी सरकवली.

दवाखान्यात तीच नर्स होती. "घरी कुणाला कळवायचं?"

"कुणी नाही हो," तो म्हणाला. खरं बोलायला त्याला एक वर्ष लागलं.

मंगळवारी शिंपीणबाई दुकानात आल्या. "किल्ली आत राहिली बघा."

त्याने त्यांची किल्ली काढून दिली. मग खिशातली दुसरी, नवी कोरी, काउंटरवर ठेवली.

"ही कुणाची?"

"माझ्या घराची. कडी काढून टाकलीय. तुमच्याकडे असू द्या."

"का? गावाला चाललात?"

"नाही," तो म्हणाला. "इथेच असतो."

बाईंनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. त्याने खण उघडून सरावाचं पेन बाहेर काढलं.