छिस् कुठं गेली?

आमच्या साडूभाऊंच्या मते या जगात दोनच गोष्टी कधीकाळी नीट बनत होत्या: एक भिलाईचा रूळ आणि दुसरी टेक्नो. पैकी रूळ अजूनही बरे निघतात, कारण ते पास करायला साडूभाऊंच्या हाताखाली तयार झालेली माणसं तिथे बसली आहेत. टेक्नोला मात्र कुणी वाली उरलेला नाही. हे त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा टेक्नो हा लोखंडाचाच एखादा प्रकार असावा असं समजून मी मान डोलावली. न समजता मान डोलावणं हा माझा जुना दोष आहे. माझं लग्नही त्यातूनच झालं.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी हयात भिलाईला रूळ बनवणाऱ्या रेल मिलच्या इन्स्पेक्शनमध्ये गेली. मी दुर्गला रेल्वेत कारकून, म्हणजे माझी रोजीरोटी यांनी पास केलेल्या रुळांवरून धावणारी, आणि याची आठवण ते मला दर भेटीत करून देत. तपासायला तिथे यंत्रं होती, पण यंत्राआधी यांचा कान. हातोडीचा एक टोला हाणायचा, नाद ऐकायचा आणि खडूनं बरोबरची खूण करायची, नाहीतर फुली. निवृत्त झाले तरी खडू खिशातून गेला नाही आणि ठोकायची सवयही गेली नाही. कलिंगड, माठ, कुकर, नव्या शेजाऱ्याची स्कूटर, सगळं ठोकून बघतात. मला दाखवायला नेलं होतं तेव्हा सासऱ्यांनी त्यांचं मत विचारलं. यांनी माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या, कान टवकारला आणि म्हणाले, "आतून पोकळ आहे, पण चालून जाईल." सासऱ्यांनी होकार कळवला.

टेक्नो, म्हणजे मशीनवर बनवलेलं नुसत्या ठोक्यांचं परदेशी संगीत, त्यांच्या आयुष्यात आली ती एका परदेशी इंजिनिअरमुळे. एक मशीन बसवून परत जाताना त्यानं बाकीच्यांना पेनं वाटली आणि यांना एक कॅसेट दिली. वर ना नाव, ना चित्र. भिलाईच्या सेक्टर १० मधल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये ती पहिल्यांदा वाजली तेव्हा ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अवो, बंद करा! पट्टी गुंतली टेपमध्ये!" साडूभाऊ डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "गुंतली नाही. शिफ्ट चालू झाली."

तेव्हापासून ती कॅसेट म्हणजे त्यांचा स्टँडर्ड पीस, म्हणजे ज्याच्याशी ताडून बाकीचा माल पास-नापास करायचा तो नमुना. त्यांचं संगीतशास्त्र दोन शब्दांचं आहे: ढुम आणि छिस्. ढुम म्हणजे मिलचा रोल फिरतो तो. छिस् म्हणजे लाल तापलेल्या लोखंडावर पाणी पडतं ती. "ढुम तं कोणीबी करते, साडभाऊ," ते मला समजावतात. "क्वालिटी छिस् मध्ये असते." आणि गेल्या काही वर्षांत नव्या टेक्नोतून नेमकी ही छिस् गायब झाली, हे त्यांचं दुःख. "आजकालचे पोट्टे लॅपटॉपवर रेडीमेड ठोके आणतेत अन् चिकटवतेत. आमी असे रूळ चिकटवले असते, तं तुमी दुर्गहून रायपूरले पोचले असते का?" खुर्सीपारला एका लग्नात वाजणं थांबवून त्यांनी डीजेला विचारलं, "भैया, छिस् कहाँ है?" त्यानं बिचाऱ्यानं बाजूला होऊन बाथरूमचा रस्ता दाखवला.

आता अशा घरात पाळण्यात ढुम ऐकत वाढलेली मुलगी दुसरं काय करणार? ती पुण्याला कंपनीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात टेक्नो बनवते. तिथल्या एका मोठ्या कार्यक्रमात तिला वाजवायला बोलावलं होतं. पण तिची अट एकच, बाबा ओके म्हणतील तेच वाजवीन. नाहीतर नाही म्हणून कळवते. तिनं तीन तुकडे पाठवले. साडूभाऊंनी तिन्ही ऐकले आणि आपल्या वहीत तीनदा लिहिलं: छिस् नाही. रिजेक्ट.

मग तिचा मला फोन. आवाज रडवेला. "मावसाजी, बाबाले सांगा ना, छिस् आहे! अजून किती वाढवू? शेजारचा कुत्रा भुंकून राहिला!"

रविवारी सकाळी मी सिविक सेंटरहून जिलेबी घेऊन सेक्टर १० ला गेलो. ताईंनी जिलेबी वाढायला नवी कोरी स्टीलची थाळी आणली. साडूभाऊंनी सवयीनं तिला चमच्याचा टोला दिला, कान लावला आणि थाळी बाजूला सारली. "मुकी आहे. वापस कर."

थाळी अजून वाजत होती. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी ताईंकडे. मी घाईघाईनं थाळीवर पंजा ठेवला, जणू तिनं वाजून काही आगळीक केली होती.

मी भाचीचं म्हणणं सांगितलं तसे ते उठले. "तुमाले बी फसवलं तिनं. थांबा, असली छिस् कशी असते ते ऐकवतो." कॅसेट लावली. ढुम, ढुम, ढुम. आणि मग छिस् आली. माझ्यासारख्या दगडालाही कळावी इतकी साफ. साडूभाऊ वाट बघत होते. त्यांनी आवाज वाढवला. कॅसेट मागे घेतली. कापसाला स्पिरिट लावून टेपचं हेड पुसलं, पुन्हा लावली. पुन्हा वाट पाहिली. मग बटण दाबून बंद केली आणि खुर्चीत बसले.

"साडभाऊ, तुमाले ऐकू येते?"

इथे मान डोलावून भागणार नव्हतं. नाही म्हणावं तर पोरीचे तुकडे वहीत रिजेक्ट राहणार. हो म्हणावं तर ज्या कानावर हा माणूस उभा होता तो कानच जाणार. 

"येते, भाऊजी," मी म्हणालो. "लख्ख येते."

त्यांनी कॅसेट काढून तळहातावर ठेवली. मग नव्या पोरांना शिकवायच्या आवाजात म्हणाले, "स्टँडर्ड पीस फेल झाला, तं पीस फेकू नाही. आधी गेज तपासा." आणि गेज, म्हणजे मोजायचं माप, कुठलं हे मला कळावं म्हणून त्यांनी बोटानं आपल्याच कानावर टकटक केलं.

वही काढून तिन्ही शेरे त्यांनी खोडले आणि फोन लावला. "हे पाय, तुझे तिन्ही रिजेक्ट वापस. गेज खराब होतं."

"कावून बाबा? काय झालं?"

"काही नाही. जुनं झालं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मग ती म्हणाली, "पण बाबा, दुसरा तुकडा खरंच खराब होता."

"ते मले माहीत आहे," साडूभाऊ म्हणाले. "त्याचा ढुमच ढिला होता."

डॉक्टरांनी सांगितलं की वयानं बारीक आवाज आधी जातात, आणि कानाचं मशीन दिलं. ते लावल्यावर साडूभाऊंना ताईंचं सगळं बोलणं स्पष्ट ऐकू येऊ लागलं, याबद्दल त्यांची स्वतंत्र तक्रार आहे. टेक्नो ऐकताना मात्र मशीन काढून ठेवतात. त्यात ढुम बसत नाही म्हणे. मशीन बनवणाऱ्यांची क्वालिटीही घसरली. मग ते स्पीकरवर तळवा ठेवून ढुम घेतात, मी समोर बसतो, आणि छिस् आली की बोट वर करतो. टेक्नो मला चक्कीच्या पट्ट्यासारखी वाटते ती वाटतेच. पण जिलेबीच्या नादात बोट जरा चुकलं की लगेच ऐकून घ्यावं लागतं, "साडभाऊ, झोपला काय? आत्ता यायची होती."

मुलीनं पुण्याला वाजवलं त्याचं रेकॉर्डिंग आलं तेव्हाही असेच बसलो होतो. मध्ये एका ठिकाणी पोरीनं छिस् काढूनच टाकली. नुसता ढुम चालू राहिला. माझं बोट खाली. साडूभाऊ त्या बोटाकडे असे बघत होते की मला ते उगाच वर करावंसं वाटलं. पण खोटं करणं जमेना. आणि मग ती आली, खळ्ळकन फुटल्यासारखी, आणि माझं बोट आपोआप वर गेलं.

"बरोबर जागी आणली," ते हलकेच म्हणाले. मग खिशातून खडू काढला. बरोबरची खूण कुठे करावी ते त्यांना सुचेना, कारण समोर रूळ नव्हता. शेवटी त्यांनी ती माझ्या शर्टाच्या बाहीवर केली.

बायको तो शर्ट धुवायला मागते आहे. अजून दिलेला नाही.