गाडीला पाणी पुरे

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी सासऱ्यांना 'बाबा' अशी हाक मारली. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता ते सासूबाईंना म्हणाले, "हिला सांग, माझं नाव दारावर लिहिलेलं आहे." त्यानंतर मी त्यांना काहीच म्हटलं नाही. शनिवार पेठेतल्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहत होतो, आणि माझं आणि सासऱ्यांचं सगळं बोलणं सासूबाईंच्या मार्फत चाले. "हिला विचार, गॅस बंद केलाय का." मी समोरच उभी असे. "त्यांना सांगा, केलाय."

कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी ते बोलत नसे. माझं माहेर बौद्ध. माझे वडील हडपसरच्या एका कारखान्यात नोकरीला होते, आई शाळेत मुख्याध्यापिका. सासरे कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. "आमच्या घरात जातपात नाही," असं ते पाहुण्यांना अगदी मान ताठ करून सांगत, आणि माझ्या हातची पोळी खात नसत. माझ्या पोळ्या जाड होतात, हे त्याचं अधिकृत कारण होतं. नवऱ्याला मी हे बोलून दाखवलं की तो म्हणे, "अगं, ते असेच आहेत. मनावर घेऊ नकोस." मग कंपनीने त्याला ऑनसाइट अमेरिकेला पाठवलं आणि मनावर घेऊ नकोस असं सांगायलाही घरात कुणी उरलं नाही.

सासऱ्यांचं प्रेम होतं ते त्यांच्या गाडीवर. त्यांच्या डॉक्टर वडिलांनी घेतलेली, इंग्लंडमध्ये बनलेली काळी गाडी. खाली पार्किंगमध्ये ती कापडी झग्यात उभी असे. रविवारी ते तिला पुसत, कधी नदीपात्रातल्या रस्त्यावरून एक फेरी मारून आणत. माझ्याशी न बोलणाऱ्या या माणसाला तिच्याशी मात्र बोलताना मी ऐकलं होतं. "आज काय नखरे?" वगैरे.

मी तेव्हा हडपसरच्या पुढच्या एका आयटी पार्कात नोकरी करत होते. आमच्या कंपनीचे मालक इटलीत टस्कनीला जाऊन आले, आणि आल्यापासून एकाच गोष्टीवर बोलत होते. तिथे म्हणे जुन्या गाड्यांची रॅली निघते. शर्यत नाही, घाई नाही. द्राक्षांच्या मळ्यांमधून गाड्या रमतगमत जातात, एका गावी चीज खायचं, दुसऱ्या गावी वाइन चाखायची, झाडाखाली तासभर जेवायचं, मग पुढे. "आपल्याकडे काय कमी आहे? ऊस आहे, द्राक्षं आहेत, हुरडा आहे!" असं म्हणून त्यांनी पुण्याची रॅली ठरवूनच टाकली. कॅम्पातून निघायचं, मांजरीला गुऱ्हाळावर थांबायचं, थेऊरवरून यवतला जायचं आणि त्याच्याही पुढे नव्याने झालेल्या एका वायनरीत जेवायचं. कँटीनमध्ये कधीतरी माझ्या तोंडून सासऱ्यांच्या गाडीचा विषय निघाला होता. तो मालकांनी बरोबर लक्षात ठेवला आणि थेट घरी निमंत्रण पाठवलं.

सासऱ्यांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. नियम असा होता की प्रत्येक गाडीत दोघं हवेत, एक चालवणारा आणि एक छापील कागदावरून रस्ता सांगणारा. मुलगा अमेरिकेत. सासूबाईंना गाडीत मळमळतं.

"हिला न्या की," सासूबाई म्हणाल्या. "तिच्याच ऑफिसचं आहे. तो भाग तिच्या माहेरचा आहे."

सासऱ्यांनी निमंत्रणाची नीट घडी घातली. मग म्हणाले, "हिला सांग, सहाला खाली. घड्याळातले सहा."

कॅम्पातल्या मैदानावर रविवारी सकाळी गाड्या जमल्या होत्या. मालक चौकटीची टोपी घालून आणि गळ्यात रुमाल बांधून फिरत होते. त्यांनी छोटं भाषण केलं, त्यात 'टस्कनी' हा शब्द इतक्यांदा आला की मागे उभे असलेले एक वृद्ध पारशी गृहस्थ जांभई देऊन स्वतःच्या गाडीत जाऊन बसले. मालकांनी सासऱ्यांना नमस्कार केला. "सर, सूनबाई आणि तुम्ही एकत्र, वा! याला म्हणतात फॅमिली स्पिरिट."

"या रस्ता वाचणार आहेत," सासरे म्हणाले.

गाडीत सासूबाई नव्हत्या. मला वाटलं, आता तरी बोलावंच लागेल. पण त्यांनी त्यावरही तोडगा काढला होता. ते समोरच्या काचेशी बोलू लागले. "डावीकडे की उजवीकडे, हे चौक यायच्या आधी कळलं तर बरं." "कागद फडफडतोय." मीही काचेलाच उत्तरं देत राहिले. "सरळ." "सरळच." सकाळची छान थंडी होती, आमच्या पुढच्या-मागच्या गाड्यांना लोक रस्त्याकडेने हात करत होते, पोरं ओरडत होती. सासरे त्यांना हसून हात दाखवत होते. ते हसू मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितलं. माझ्या बाजूला मान वळली की ते विझायचं.

हडपसर मागे टाकून आम्ही मांजरीच्या गुऱ्हाळावर पोचलो. मोठ्या कढईत रस उकळत होता, सगळीकडे गोड वाफ पसरलेली. गुऱ्हाळवाल्यांनी शेंगदाणे आणि गरम गूळ पानावर दिला, रसाचे ग्लास फिरवले. मालकांनी हॉटेलातून आणलेलं चीज त्या गुळाबरोबर खायला लावलं. "पेअरिंग!" असं म्हणून ते स्वतः डोळे मिटून चावत होते. मला ते खरोखर आवडलं. मी आणखी एक तुकडा घेत होते, तेवढ्यात एका गाडीवाल्यांची बायको शेजारी येऊन बसली. बांगड्या, गॉगल, उत्साह.

"तुमचं माहेर कुठलं हो?"

"इथलंच. मांजरी. वडिलांनी निवृत्तीनंतर इथे घर बांधलं."

"अय्या, हो? मग माहेरचं आडनाव काय?"

मी तोंड उघडायच्या आत सासरे मागून म्हणाले, "या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. फार मोठ्या हुद्द्यावर आहेत." माझ्याबद्दल त्यांनी काढलेले ते पहिले कौतुकाचे शब्द. मी मागे वळून पाहिलं. ते घाबरले होते. मी त्या बाईंना आडनाव सांगितलं, स्वच्छ, ऐकू जाईल असं. बाई "हो का, हो का," म्हणाल्या आणि गुळाकडे वळल्या. सासऱ्यांनी हातातला भरलेला ग्लास न पिता तसाच ठेवला आणि ते गाडीकडे निघून गेले.

मी येऊन बसले तेव्हा इंजिन चालूच होतं. इतर गाड्या अजून हललेल्याही नव्हत्या.

"सगळीकडे जाहिरात करायची गरज नसते," ते काचेला म्हणाले.

"विचारलं, म्हणून सांगितलं."

"काही लोकांना ते मिरवायची हौसच असते."

"पुढे डावीकडे," मी म्हटलं.

ते डावीकडे वळले नाहीत. मी पुन्हा सांगितलं, "डावीकडे वळायचं होतं." ते सरळच जात राहिले, जोरात. रमतगमत वगैरे सगळं संपलं. डांबर गेलं, दोन्हीकडे उसाचा फड आणि मधे बैलगाडीची चाकोरी. समोरून उसाने लादलेला ट्रॅक्टर आला, त्याला जागा देता देता आमची गाडी मागेपुढे करत राहिली, आणि मग बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली.

सासरे खाली उतरले. बाटली काढली, तर ती रिकामी. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "पानी पायजे व्हय? त्या घरात बाई हायेत, देतील की."

त्याने बोट दाखवलं ते माझ्या आईवडिलांचं घर होतं. मागच्या बाजूने मी ते ओळखलंच नव्हतं. आईने कुंपणाला घातलेली मेंदी उंच झाली होती.

मी घराकडे गेले. वडील बाहेर गेले होते, आई अंगणात तांदूळ निवडत होती. मला बघून ती आनंदाने उठली. "तू? आणि अशी मागून?" मी सांगितलं, सासरे आहेत, गाडी तापलीय. ती लगबगीने आत गेली. माझ्या लग्नाला सासरे आले नव्हते. आईने त्यांना आजवर पाहिलेलं नव्हतं. तिने पदर नीट केला, मला पाण्याची बादली दिली आणि स्वतः ट्रेमध्ये एक ग्लास घेऊन आली. पाहुण्यांसाठीचा काचेचा ग्लास, फ्रिजमधल्या पाण्याने भरलेला.

"नमस्कार," आई म्हणाली. "आत या ना. गाडी निवेपर्यंत चहा घ्या."

"नको," सासरे म्हणाले.

"मग पाणी तरी घ्या."

"मला नको. गाडीला पाणी पुरे."

त्यांचे ओठ सुकलेले होते. गुऱ्हाळावर त्यांनी काही घेतलं नव्हतं, सकाळपासून ऊन चढत गेलं होतं. आई ट्रे धरून उभी राहिली. सासरे फडक्याने रेडिएटरचं झाकण काढण्यात गुंतल्यासारखे दिसत होते. झाकण निघालं, वाफ गेली. मी बादलीतलं पाणी तांब्याने हळूहळू ओतलं. ओतून झालं तरी आई तिथेच, ट्रे तसाच. ट्रॅक्टरवाला एकदा तिच्याकडे, एकदा सासऱ्यांकडे बघत होता. मग आईने ट्रे माझ्या हातात दिला, ग्लास उचलला आणि शांतपणे रेडिएटरमध्ये ओतला.

"अहो बाई!" सासरे ओरडले. "गार पाणी! इंजिन तडकेल!"

"तडकू दे," आई म्हणाली. "तुम्ही प्यायला असतात तर ही वेळ आली नसती."

आयुष्यभर वर्गावर हुकूमत गाजवलेली दोन माणसं उसाच्या कडेला समोरासमोर उभी होती. सासऱ्यांनीच मान वळवली. त्यांनी झाकण लावलं, हात पुसले, आणि आईला म्हणाले, "तुमच्या मुलीला सांगा बसायला. उशीर होतोय."

म्हणजे सासूबाईंची जागा त्यांनी आता माझ्या आईला दिली होती.

"मी येणार नाही," मी म्हटलं.

पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "मग रस्ता कोण सांगणार?"

"रस्त्यावरची माणसं. थांबून विचारावं लागतं, एवढंच."

गाडी सुरू झाली. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. ते गेले.

आई अंगणात येऊन पुन्हा तांदूळ निवडायला बसली. "किती दिवस चाललंय हे?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि तू मला सांगत होतीस, ते अबोल आहेत."

ती माझ्यावर जितकी रागावली तितकी सासऱ्यांवरही रागावली नसेल. मी भूक नाही म्हटलं तरी तिने पिठलं टाकलं, भाकरी थापली आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली. दुपारी मालकांचा मोबाइलवर फोन आला. सासरे पोचले होते, एकटेच, सगळ्यांत शेवटी. नियमाने गाडी बाद झाली, पण दिसायला तीच सगळ्यांत सुंदर ठरली म्हणून त्यांना वाइनची बाटली बक्षीस मिळाली. "सर म्हणाले, तुम्ही माहेरी राहिलात. हाऊ स्वीट!"

संध्याकाळी मी बसने शनिवार पेठेत आले. सासरे पायावर पाय टाकून बसले होते. मला बघताच ते सासूबाईंना म्हणाले, "हिला सांग..."

"मलाच सांगा. मी इथेच आहे."

सासूबाई पोह्यांची बशी हातात घेऊन मधेच थांबल्या.

"तुमच्या आईंनी माझ्या इंजिनात फ्रिजचं पाणी ओतलं," सासरे म्हणाले. "शिकलेल्या आहेत ना त्या?"

"आहेत. म्हणूनच फक्त ग्लासभर ओतलं."

त्या घरात तेवढंच आमचं थेट संभाषण झालं. बक्षिसाची बाटली त्यांनी दर्शनी कपाटात ठेवली, लेबल भिंतीकडे करून.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं. तो "अगं, ते असेच..." म्हणायला लागला, आणि मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. सासऱ्यांपेक्षा मला त्या क्षणी त्याचाच जास्त राग आला होता. मी म्हटलं, "तू परत येशील तेव्हा मी हडपसरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये असेन. तुला यायचं असेल तर ये." मी फोन ठेवला. तो परतला आणि बॅगा घेऊन सरळ हडपसरला आला. त्यानंतर 'मनावर घेऊ नकोस' हे शब्द त्याने मला ऐकवले नाहीत.

नव्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा आई सकाळीच आली होती. सासूबाईही आल्या. त्यांना सासऱ्यांनीच गाडीतून आणून सोडलं होतं; स्वतः मात्र ते खाली रस्त्यावर गाडीतच बसून राहिले. दोघी बायका स्वयंपाकघरातच जमिनीवर जेवायला बसल्या. मी पोळ्या लाटत होते. सासूबाईंनी माझ्या हातची पोळी मोडली, भाजीला लावली, खाल्ली. माझ्या आईला त्यांनी तिच्या शाळेबद्दल विचारलं, आई सांगत राहिली.

खालून हॉर्न वाजला. जुना, बेडकासारखा. मग पुन्हा, जरा लांब.

नवरा खिडकीपाशी गेला. "आई, बाबा बोलावताहेत."

"वाजवू देत," सासूबाई म्हणाल्या आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. "मला अजून एक पोळी वाढ. गरम दे."

त्या दिवशी सासरे वर आले नाहीत. नंतरही कधी आले नाहीत.